नीतिशास्त्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेले विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आणि निव्वळ कुतूहलापोटी या विषयाकडे वळलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र घेतले आहेत. सगळ्या उत्तरांची लांबी सारखी नाही, कारण सगळे प्रश्न सारखे अवघड नाहीत.

नीतिशास्त्र म्हणजे संस्कारांचे धडे का?

नाही. 'खोटं बोलू नये' हे मुलांच्या मनावर बिंबवणं हे संस्कारांचं काम. खोटं का बोलू नये, कधीच बोलू नये का, आणि हे ठरवायचं कशाच्या आधारावर, हे विचारणं नीतिशास्त्राचं काम. संस्कार उत्तर देऊन थांबतात. नीतिशास्त्र त्या उत्तरामागचं कारण मागतं, आणि कारण लंगडं निघालं तर उत्तर बदलायलाही तयार असतं.

अभ्यासाच्या सोयीसाठी याचे तीन भाग करतात. कसं वागावं आणि का, याचा विचार करणारं नियामक नीतिशास्त्र. 'चांगलं', 'वाईट' ही विधानं मुळात कोणत्या प्रकारची असतात हे तपासणारं अधिनीतिशास्त्र. आणि दयामरण, गर्भपात, प्राण्यांवरचे प्रयोग अशा ठोस प्रश्नांत उतरणारं उपयोजित नीतिशास्त्र. विचार करताना या तिघांच्या सीमा सतत ओलांडल्या जातात, त्यामुळे ही वर्गवारी फार मनावर घेऊ नका.

कायदा आहे ना? मग नीतीचा वेगळा विचार कशाला?

महाडचं उदाहरण घेऊ. 1923 साली मुंबई विधिमंडळाने सदस्य सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असं त्यात होतं. महाडच्या नगरपालिकेनेही त्यानुसार चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर प्रश्न मिटला होता. तरीही तळ्यावर जायची कुणाची प्राज्ञा नव्हती, कारण गावाची रूढी आडवी होती. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या परिषदेतून हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं आणि प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडलं.

या एका घटनेत तीन वेगळ्या गोष्टी दिसतात: कायदा काय म्हणतो, समाज काय योग्य मानतो, आणि खरोखर योग्य काय आहे. तिन्ही एकाच दिशेला असल्या तर प्रश्न उठत नाहीत. त्यांची फारकत होते तेव्हा तिसरी गोष्ट कशी ठरवायची, हा नीतिशास्त्राचा मुख्य प्रश्न आहे. सती जाऊ देणं एकेकाळी कायदेशीर होतं, मीठ उचलणं एकेकाळी गुन्हा होता. कायदा चांगला की वाईट हे म्हणायला कायद्याबाहेरची कसोटी लागते.

पण हे सगळं शेवटी ज्याच्या त्याच्या मतावरच ना?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याला घाईने 'हो' म्हणून टाकणं ही माझ्या मते या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे. म्हणून जरा सविस्तर.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात एक गोष्ट सांगतो. इराणच्या दरायस राजाने दरबारातल्या ग्रीकांना विचारलं, किती पैसे दिले तर तुम्ही मेलेल्या बापाचं मांस खाल? ग्रीक म्हणाले, कितीही दिले तरी नाही. मग राजाने कॅलाटी नावाच्या एका भारतीय जमातीच्या लोकांना बोलावलं, ज्यांच्यात मृत आईबापांचं मांस खायची चाल होती, आणि त्यांना विचारलं, किती पैसे दिले तर तुम्ही बापाला जाळाल? ते कळवळून ओरडले, असलं अभद्र बोलू नका. प्रत्येकाला आपलीच रीत श्रेष्ठ वाटते, असा हिरोडोटसचा निष्कर्ष.

आता नीट पाहा. रीती वेगवेगळ्या आहेत हे खरं. पण दोघांनाही मृत आईबापांचा मान राखायचा होता, तो कसा राखावा यावर मतभेद होता. वरवर दिसणारा फरक मुळाशी तेवढा नसतो, हे अशा अनेक उदाहरणांत आढळतं.

दुसरं असं की, मतं वेगळी आहेत यावरून कुणाचंच मत बरोबर नाही हे सिद्ध होत नाही. पृथ्वीच्या आकाराबद्दलही एकेकाळी वेगवेगळ्या समाजांची वेगवेगळी मतं होती.

तिसरी अडचण मला निर्णायक वाटते. समाज म्हणेल ती नीती, हा सापेक्षतावाद एकदा मान्य केला की सुधारक व्याख्येनेच अनीतिमान ठरतो. 1927 च्या महाडमध्ये बहुमत कुणाचं होतं? त्या हिशेबाने पाणी पिणारे चुकले आणि मारहाण करणारे बरोबर, असं म्हणावं लागेल. इतकंच नाही, पुढे समाज बदलला तेव्हा तो 'सुधारला' असंही म्हणता येणार नाही, फक्त 'बदलला' एवढंच म्हणता येईल. जोतीराव-सावित्रीबाईंनी 1848 साली मुलींची शाळा काढली, ती शेणगोळे अंगावर घेऊन चालवली, आणि आपण त्याला नुसता रुचीतला फरक म्हणायचं, हे मला तरी जमणार नाही.

सापेक्षतावादामागची एक प्रेरणा मात्र मोलाची आहे: दुसऱ्यांच्या चालीरीतींना उठसूट नावं ठेवू नयेत. पण 'सर्वांनी सहिष्णू असावं' हेच सर्वांना लागू पडणारं नैतिक विधान आहे. ते मांडायचं असेल तर सापेक्षतावाद सोडावा लागतो.

देवाने किंवा धर्माने सांगितलं म्हणून ते चांगलं, एवढं पुरेसं नाही का?

प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस युथिफ्रो नावाच्या माणसाला विचारतो: देवांना प्रिय आहे म्हणून एखादी गोष्ट पवित्र ठरते, की ती पवित्र आहे म्हणून देवांना प्रिय असते? पहिला पर्याय घेतला तर देवाने उद्या क्रौर्याची आज्ञा केली की क्रौर्य चांगलं ठरेल. दुसरा घेतला तर चांगुलपणाची कसोटी देवाच्या आज्ञेहून वेगळी आहे हे कबूल करावं लागतं. अडीच हजार वर्षं झाली, या पेचातून सहज सुटका कुणाला सापडलेली नाही.

याचा अर्थ धार्मिक माणूस नीतिमान नसतो असा अजिबात नाही. जोतीराव फुले निर्मीक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानत होते. पण एखादा ग्रंथ ईश्वरी आहे की नाही हे त्यांनी तो ग्रंथ सर्व स्त्री-पुरुषांना समान न्याय देतो का, यावरून तपासलं. म्हणजे न्यायाची कसोटी आधी आणि ग्रंथाचा अधिकार नंतर. श्रद्धा ठेवूनही दुसरा पर्याय पत्करता येतो, हे यातून दिसतं.

'निसर्गातच असं आहे' हा युक्तिवाद चालतो का?

चालत नाही. डेव्हिड ह्यूमने 1739-40 मध्ये दाखवून दिलं की 'आहे' अशा विधानांवरून 'असावं' असं विधान थेट काढता येत नाही, मध्ये एक नैतिक गृहीतक लपवावं लागतं. जंगलात बलवान टिकतो, म्हणून समाजातही दुर्बलांना मदत करू नये, असं कुणी म्हणालं तर त्याने 'जंगलात चालतं ते समाजात चालावं' हे गुपचूप आत आणलेलं असतं. ते बाहेर काढून दाखवलं की युक्तिवादाचा जोर ओसरतो. पूर्वापार चालत आलंय, सगळेच करतात, हे युक्तिवादही याच जातीचे.

उपयुक्ततावाद म्हणजे 'फायदा बघा' असंच ना?

रोजच्या बोलण्यात 'उपयुक्त' म्हणजे स्वतःच्या फायद्याचं, म्हणून हा गैरसमज होतो. जेरेमी बेंथम (1748-1832) आणि जॉन स्टुअर्ट मिल (1806-1873) यांचं म्हणणं जवळजवळ उलटं आहे. कृतीचा परिणाम ज्या ज्या जिवांवर होतो त्या सगळ्यांचं सुखदुःख मोजायचं आणि त्यात स्वतःचं सुख इतर कुणापेक्षाही जास्त वजनाचं धरायचं नाही. राजाचं दुःख आणि हमालाचं दुःख एकाच तराजूत. अठराव्या शतकाच्या इंग्लंडमध्ये हा विचार स्फोटक होता. बेंथमने तर प्राण्यांनाही हिशेबात घेतलं. ते विचार करू शकतात का, बोलू शकतात का, हा प्रश्न नसून त्यांना वेदना होतात का, हा प्रश्न आहे, असं त्याने 1789 च्या ग्रंथात लिहिलं.

मिलने यात भर घातली ती सुखाच्या दर्जाची. सगळी सुखं एकाच मापाची नसतात, बुद्धीची आणि कल्पनेची सुखं वरच्या प्रतीची असतात, हे त्याचं म्हणणं. ते पटण्यासारखं आहे, पण त्यामुळे हिशेब बिघडतो: दर्जा कुठल्या मापाने मोजायचा?

मराठीत या वादाची सर्वांत समर्थ झाडाझडती लोकमान्य टिळकांनी घेतली. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात 'पुष्कळांचे पुष्कळ सुख' या तत्त्वावर त्यांनी आक्षेप घेतले. त्यातलं एक उदाहरण अमेरिकेतल्या ट्रामचं आहे. ट्राम लोकांच्या सोयीची, पण परवानगी लवकर मिळावी म्हणून ट्राम कंपनीच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली आणि पुढे बिंग फुटून खटला झाला. पुष्कळांचं सुख तर साधलं, मग चूक कुठे झाली? टिळकांचं उत्तर असं की नुसत्या बाह्य परिणामाकडे पाहून कृतीची नीतिमत्ता ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते.

उपयुक्ततावादी यावर म्हणेल की लाचखोरी रूढ झाल्याने होणारं नुकसान तुम्ही हिशेबात धरलंच नाही. हे उत्तर बरंच पुरतं. पण जिथे हिशेब खरोखरच अन्यायाच्या बाजूने झुकतो तिथे ते अपुरं पडतं. दंगल शमवण्यासाठी एका निरपराध माणसाला फासावर द्यायचं आणि शेकडो जीव वाचवायचे, हे कधीच कुणाला कळणार नसेल तर? बहुतेकांचं मन इथे 'नाही' म्हणतं, आणि बेरजेला त्या 'नाही'चं कारण देता येत नाही.

मिलबद्दल आणखी एक गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात ठेवावी. तो 1823 ते 1858 ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत नोकरीला होता, आणि 1859 साली स्वातंत्र्यावर लिहिताना ज्यांना तो मागासलेले समाज समजत होता त्यांना त्याने स्वातंत्र्याच्या तत्त्वातून वगळलं. तोच मिल वाचून आगरकरांनी व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कार केला. तत्त्व त्याच्या मांडणाऱ्यापेक्षा मोठं निघू शकतं, याचं हे मला फार मोलाचं वाटणारं उदाहरण आहे.

कांट नेमकं काय म्हणतो? तो फार अवघड आहे असं ऐकलंय.

त्याची वाक्यं अवघड आहेत, गाभा तसा नाही. इमॅन्युएल कांट (1724-1804) याच्या मते कृतीला नैतिक मोल येतं ते परिणामामुळे नाही, तर ती कर्तव्य म्हणून केली यामुळे. गिऱ्हाईक तुटेल म्हणून प्रामाणिक राहणारा दुकानदार योग्यच वागतो, पण त्यात नैतिक मोल नाही.

कर्तव्य ओळखायची कसोटी तो निरपेक्ष आदेशात सांगतो. 'परीक्षा पास व्हायची असेल तर अभ्यास कर' हा सापेक्ष आदेश, इच्छा नसेल तर तो लागू नाही. नैतिक आदेशाला 'तर' नसतो. त्याचं एक रूप असं: ज्या नियमाने तू वागतो आहेस तो सर्वांचा नियम व्हावा असं तुला विसंगतीत न सापडता म्हणता येईल का? परत करायचे नाहीत हे ठाऊक असताना 'महिनाभरात देतो' म्हणून पैसे उसने घेणारा माणूस पाहा. सगळेच असं करू लागले तर वचनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही आणि खोटं वचन देणंही अशक्य होईल. म्हणजे हा माणूस इतरांनी नियम पाळावा यावर विसंबून स्वतःपुरता अपवाद करतो आहे. दुसरं रूप अधिक ओळखीचं: माणसाला, स्वतःलासुद्धा, नुसतं साधन म्हणून वापरू नका. 'नुसतं' हा शब्द गाळू नका. रिक्षावाल्याचा आपण साधन म्हणून उपयोग करतोच, पण त्याची फसवणूक केली किंवा त्याला माणूस म्हणून वगळलं तर चूक होते.

'जसं इतरांनी आपल्याशी वागावं तसं आपण वागावं', हेच कांट म्हणतो असं पुष्कळ नोट्समध्ये लिहिलेलं असतं. ते चूक आहे. त्याने स्वतःच 1785 च्या ग्रंथातल्या एका तळटीपेत हा फरक केला. तसं असतं तर गुन्हेगार न्यायाधीशाला म्हणाला असता, माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला शिक्षा नको असती, मग मला का देता?

खुनी दारात उभा असेल तरी खरंच बोलायचं?

1797 च्या एका छोट्या लेखात कांटने हो म्हटलं. मित्र तुमच्या घरात लपला आहे, मारेकरी विचारतो कुठे आहे, तरी खोटं बोलायचा तुम्हाला अधिकार नाही. त्याचे चाहतेसुद्धा इथे थबकतात.

महाभारताच्या कर्णपर्वात हाच प्रसंग वेगळ्या शेवटाने येतो. कौशिक नावाचा तपस्वी, सत्यच बोलायचं असं व्रत घेतलेला. दरोडेखोरांना चुकवून काही माणसं रानात लपतात, दरोडेखोर कौशिकाला विचारतात, तो खरं सांगतो, माणसं मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला सांगतो ती प्रतिज्ञेपायी अर्जुन युधिष्ठिरावरच शस्त्र उचलतो त्या वेळी. नियम का आहे हे विसरून नियम पाळणं हाही अधर्म, असा त्याचा रोख. पण याच महाभारतात 'नरो वा कुंजरो वा' म्हटल्याबरोबर युधिष्ठिराचा जमिनीच्या चार अंगुळं वर चालणारा रथ खाली टेकतो. गरजेपोटी बोललेलं असत्यही फुकट जात नाही. मला हे दोन प्रसंग एकत्र वाचणं कांटच्या लेखापेक्षा जास्त शिकवून जातं.

निष्काम कर्मयोग आणि कांट एकच का?

साम्य खरं आहे. दोन्हीकडे फळापेक्षा बुद्धीच्या शुद्धतेला महत्त्व आहे, आणि टिळकांनीही ते दाखवलं. पण परीक्षेत 'दोन्ही एकच' असं लिहू नका. कांटचं कर्तव्य प्रत्येक विवेकशील माणसाला सारखंच लागू होतं आणि ते तो स्वतःच्या बुद्धीने स्वतःवर घालून घेतो. गीतेत अर्जुनाला लढायला सांगताना त्याच्या क्षत्रियपणाचा, स्वधर्माचा आधार घेतला आहे, आणि त्यामागे ईश्वरार्पणाची भूमिका आहे. स्वधर्म जन्माने ठरतो असं मानलं की काय होतं, यावर आंबेडकरांनी कठोर टीका केली. अमर्त्य सेन यांनी वेगळाच मुद्दा मांडला: युद्धात किती माणसं मरतील हा अर्जुनाचा प्रश्न कृष्णाच्या उत्तराने संपत नाही, परिणामांची काळजी हा मनाचा दुबळेपणा नव्हे.

बौद्ध विचार यात कुठे बसतो?

तो कुठल्याही एका चौकटीत बसवू नका. 'चेतना म्हणजेच कर्म' असं अंगुत्तर निकायात बुद्धवचन आहे, म्हणजे हेतूला महत्त्व. दुःखाचं निवारण हे ध्येय, म्हणजे परिणामालाही महत्त्व. आणि मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या आनंदात आनंद), उपेक्षा (दुर्लक्ष नव्हे, समभाव) यांची साधना, म्हणजे स्वभावालाही. आंबेडकरांनी बुद्धाच्या धम्मात नीतीला ईश्वराच्या जागी बसवलं.

सद्गुणनीती म्हणजे काय?

'काय करावं?' याआधी 'कसं माणूस व्हावं?' हे विचारणारा प्रवाह. ॲरिस्टॉटल (इ.स.पू. 384-322) म्हणतो, घरं बांधून बांधूनच गवंडी तयार होतो, तसं धैर्याची कृत्यं करूनच माणूस धैर्यवान होतो. प्रत्येक सद्गुण दोन टोकांच्या मधला: भेकडपणा आणि आततायीपणा यांच्या मध्ये धैर्य. हा मध्य गणिताने काढता येत नाही, त्याला व्यवहारज्ञानाने मुरलेली दृष्टी लागते. विसाव्या शतकात 1958 च्या एलिझाबेथ अ‍ॅन्सकोम यांच्या निबंधानंतर हा विचार पुन्हा जोरात आला. त्याची दुबळी बाजूही ॲरिस्टॉटलमध्येच दिसते: इतकी बारीक नजर असलेल्या माणसाला गुलामगिरी स्वाभाविक वाटली. आपल्या काळाने ज्याला सद्गुणी म्हटलं त्याच्याकडे पाहून शिकायचं, तर काळाच्या चुकाही शिकल्या जातात.

ट्रॉलीचं कोडं इतकं प्रसिद्ध का? असं कुणाच्या आयुष्यात घडतं?

घडावं अशी अपेक्षाच नाही. फिलिपा फूट यांनी 1967 साली गर्भपातावरच्या निबंधात ते मांडलं. सुटलेली ट्राम पाच जणांवर जाते आहे, चालकाने दुसऱ्या रुळावर वळवली तर एकच मरेल. बहुतेक लोक म्हणतात, वळवावी. पुढे ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी दुसरी आवृत्ती आणली: पुलावरच्या एका जाड्या माणसाला खाली ढकललं तर ट्राम थांबेल. इथे बहुतेक लोक नको म्हणतात. हिशेब दोन्हीकडे सारखा, पाचांसाठी एक. मग फरक कशात आहे? मरण हा दुष्परिणाम असणं आणि मरण हेच साधन असणं, यात? 'तुम्ही काय कराल' यापेक्षा 'दोन ठिकाणी वेगळं उत्तर का दिलंत' हा प्रश्न घेऊन या कोड्याकडे जा.

मारणं आणि मरू देणं यात फरक आहे का?

हा प्रश्न मुंबईत अतिशय वेदनादायक रूपात आपल्यासमोर आला होता. केईएम रुग्णालयातल्या एका परिचारिकेवर 1973 साली तिथल्याच एका कर्मचाऱ्याने क्रूर हल्ला केला आणि ती त्यानंतर शुद्धीवर अशी आलीच नाही. तिला अन्न देणं थांबवावं, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात झाली. 2011 साली न्यायालयाने ती फेटाळली, पण काटेकोर अटींवर उपचार थांबवण्याला मान्यता देणारी तत्त्वं घालून दिली. तिच्या वतीने बोलायचा अधिकार न्यायालयाने रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना दिला, कारण वर्षानुवर्षं तिची शुश्रूषा त्यांनीच केली होती आणि त्यांना ती जगायला हवी होती. 2015 साली न्यूमोनियाने तिचा मृत्यू झाला. 2018 साली घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ लिहून ठेवलेली वैद्यकीय इच्छा मान्य केली.

कायदा उपचार थांबवणं आणि प्राणघातक इंजेक्शन देणं यात स्पष्ट रेषा ओढतो. जेम्स रेचल्स यांनी 1975 साली या रेषेलाच आव्हान दिलं. हेतू तोच, परिणाम तोच, आणि उपचार थांबवून येणारं मरण अनेकदा जास्त यातनामय, मग एक दयाळू आणि दुसरं खून कसं? याला दिलेलं उत्तर असं की डॉक्टरांना मारण्याची परवानगी दिली की तिचा गैरवापर थोपवणं अवघड जातं. लक्षात घ्या, हे उत्तर परिणामांवर उभं आहे, दोन कृतींतल्या मूळ फरकावर नाही. आणि केईएमच्या परिचारिकांचं म्हणणं या दोन्ही बाजूंत मावत नाही. त्या हक्क किंवा परिणाम यांच्या भाषेत बोलत नव्हत्या, एका माणसाशी जडलेल्या नात्याच्या भाषेत बोलत होत्या. कॅरोल गिलिगन यांच्या 1982 च्या ग्रंथानंतर 'जिव्हाळ्याची नीती' म्हणून ज्या विचाराला मान मिळाला, तो नेमका हाच.

दूरच्या गरिबांना मदत करणं हे कर्तव्य की दानधर्म?

1971 साली पूर्व बंगालमधून किमान 90 लाख माणसं निर्वासित झाली, त्या वेळी पीटर सिंगर यांनी यावर निबंध लिहिला. उथळ तळ्यात मूल बुडताना दिसलं तर कपडे भिजतील म्हणून कुणी थांबत नाही. मग अंतर वाढल्याने कर्तव्य कसं संपतं? मला या युक्तिवादाला चोख उत्तर सापडलेलं नाही. तो पुरा मानला तर जवळजवळ सगळी मिळकत देऊन टाकावी लागेल, असा आक्षेप घेतात. पण निष्कर्ष जड आहे, म्हणून तो खोटा ठरत नाही.

न्याय्य समाज कसा ओळखायचा?

जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये एक विचारप्रयोग सुचवला. समाजाचे नियम ठरवायला बसा, पण आपण कोणत्या घरात, कोणत्या लिंगाचे, किती बुद्धीचे, किती पैशाचे म्हणून जन्मणार हे कुणालाच ठाऊक नाही. या अज्ञानाच्या पडद्याआड बसलेले लोक मूलभूत स्वातंत्र्यं सर्वांना समान ठेवतील आणि विषमता ठेवलीच तर ती तळातल्या माणसाच्या भल्याची असेल तेवढीच ठेवतील, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे या पडद्याआड जातही ठेवून पाहा. कोणत्या जातीत जन्मणार हे माहीत नसताना जातिव्यवस्थेला मत देणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

एवढे सिद्धांत आहेत, मग बरोबर कोणता?

माझं मत स्पष्ट सांगतो. यांतला एकही सिद्धांत निकाल देणारं यंत्र नाही. प्रत्येकाला अशी एक गोष्ट दिसली जी इतरांच्या नजरेतून सुटली: बेंथमला दुःख, कांटला माणसाची प्रतिष्ठा, ॲरिस्टॉटलला स्वभावाची घडण, गिलिगन यांना नाती. चुका होतात त्या एकालाच सर्वस्व मानल्यावर.

मला डब्ल्यू. डी. रॉस सर्वांत जवळचा वाटतो. 1930 साली त्याने प्रथमदर्शनी कर्तव्यांची यादी दिली: वचन पाळणं, केलेल्या अन्यायाची भरपाई, कृतज्ञता, न्याय, परोपकार, आत्मसुधारणा आणि कुणाला इजा न करणं. यांत कायमचा चढता-उतरता क्रम नाही. प्रसंगात कोणतं वजनदार हे पाहावं लागतं, आणि जे मागे पडलं त्याचं ऋण शिल्लक राहतं. आजारी शेजाऱ्याला दवाखान्यात नेण्यासाठी दिलेलं वचन मोडलं तर ते योग्यच, पण नंतर माफी मागावीच लागते. रॉसकडे अंतिम सूत्र नाही, अशी तक्रार होते. मला ती उणीव वाटत नाही.

नशिबाचा नीतीशी काय संबंध?

दोघे दारू पिऊन गाडी चालवतात. एक सुखरूप घरी पोचतो, दुसऱ्याच्या वाटेत मूल येतं. दोघांची चूक तीच, पण दुसऱ्याला आपण कितीतरी जास्त दोष देतो. टॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स यांनी 1976 साली हा 'नैतिक नशिबा'चा प्रश्न उभा केला, आणि तो अजून सुटलेला नाही.

नैतिक विधानं खरी-खोटी असतात तरी का?

जी. ई. मूर यांच्या मते (1903) असतात, आणि चांगुलपणाची दुसऱ्या कशात व्याख्या करता येत नाही. ए. जे. एअर यांच्या मते (1936) नसतात, 'चोरी वाईट' म्हणजे चोरीबद्दलचा निषेधाचा उद्गार. जे. एल. मॅकी यांच्या मते (1977) अशी विधानं खरी असल्याचा दावा करतात, पण सगळी खोटी असतात. सुरुवातीला इथे फार अडकू नका. हा वाद न सोडवताही लाच वाईट का, यावर नीट बोलता येतं.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पेपरात केस स्टडी लिहिताना कोणता सिद्धांत वापरू?

मुख्य परीक्षेत 2013 पासून सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर नीतिशास्त्राचा आहे, 250 गुणांचा. त्यामुळे मराठी तरुणांची मोठी संख्या या विषयाला पहिल्यांदा तिथेच भेटते. 'कांटच्या मते अमुक, मिलच्या मते तमुक' अशी नावांची माळ लावू नका. आधी कुणाकुणावर परिणाम होणार ते लिहा, मग कोणती कर्तव्यं एकमेकांना छेद देतात ते. त्यानंतर निर्णय लिहा, आणि त्या निर्णयात कुणावर अन्याय होतो व त्याची भरपाई कशी करणार, हेही. आंबेडकरांनी 1936 साली जातिनिर्मूलनावर लिहिलेल्या भाषणात नियम आणि तत्त्व यांत केलेला भेद इथे कामी येतो: नियम अमुक कृती करायला सांगतो, तत्त्व विचार करायची दिशा देतं, आणि त्यातून केलेल्या कृतीची जबाबदारी करणाऱ्यावर राहते. वरिष्ठांचा आदेश होता, असं लिहून सुटका होत नाही.

वाचायला सुरुवात कुठून करू?

प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादापासून. एका बैठकीत संपतो, आणि प्रश्न कसा विचारायचा हे त्यातून कळतं. मग मिलचं उपयुक्ततावादावरचं छोटं पुस्तक. मराठीत गीतारहस्याची 'कर्मजिज्ञासा' आणि 'आधिभौतिक सुखवाद' ही प्रकरणं वाचा, भाषा जुनी आहे पण दहा पानांत कान सरावतो. आंबेडकरांचं ते भाषण त्याच्या लगेच नंतर घ्या, म्हणजे टिळक जिथे थांबतात तिथून पुढचा प्रश्न दिसेल. कांट सर्वांत शेवटी, आणि शक्य असेल तर एकट्याने नको, बरोबर वाद घालायला कुणीतरी घेऊन.